पोटगी, ताबा, घर: ठाणे-नवी मुंबईत अंतरिम अर्जाची सेवा कशी आहे

घटस्फोटाच्या खटल्याचा शेवटचा निकाल यायला वर्षं लागू शकतात. घरभाडं मात्र दर महिन्याला भरावं लागतं, शाळेची फी तिमाहीला, आणि मूल या आठवड्यात कुणाकडे राहणार हे तर लगेच ठरवावं लागतं. खटला चालू असेपर्यंतच्या काळासाठी न्यायालय जे तात्पुरते आदेश देतं, ते मिळवायचा मार्ग म्हणजे अंतरिम अर्ज. ठाणे आणि नवी मुंबईतल्या माणसाला ही सेवा कुठे मिळते, कुठे ती चोख आहे आणि कुठे माणसाला थकवते, याचं हे परीक्षण.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. कायद्यात ही सोय भक्कम आहे आणि ती मागायचीच राहून जाणं हे सगळ्यांत मोठं नुकसान. आदेश किती लवकर हातात पडेल हे वकिलाच्या जोरदार भाषणापेक्षा दोन कंटाळवाण्या कामांवर ठरतं: उत्पन्न-खर्चाचं प्रतिज्ञापत्र आणि समोरच्याला नोटीस बजावणं. दोन्ही कामं बरीचशी अर्जदाराच्या हातात असतात, आणि तिथेच सगळ्यांत जास्त हेळसांड होते.

आधी हद्द बघा

नवी मुंबईकरांचा पहिला घोळ इथेच होतो. बोलताना खारघर, कामोठे, कळंबोली सगळंच नवी मुंबई. महसुली नकाशावर मात्र हे सगळं पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतं. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात. खारघरच्या घराचा वाद ठाण्यात नेला, तर समोरचा पक्ष पहिल्याच तारखेला हद्दीचा मुद्दा काढतो आणि पोटगीचा अर्ज बाजूला पडून त्यावरच वाद सुरू होतो.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 19 प्रमाणे याचिका कुठे लावायची याला पर्याय आहेत: लग्न जिथे लागलं ते ठिकाण, समोरचा पक्ष राहतो ते, दोघं शेवटचे एकत्र राहिले ते, आणि याचिका पत्नीची असेल तर ती सध्या राहते ते. समजा लग्न डोंबिवलीत झालं, संसार खारघरला होता आणि पत्नी आता माहेरी कळव्याला आहे. तिच्यापुढे कल्याण, पनवेल आणि ठाणे असे तीन रस्ते खुले आहेत. तिने निवड करताना दर तारखेला मूल सांभाळून कुठे वेळेवर पोचता येईल, हाच निकष धरावा. तारीख चुकली की अंतरिम अर्जही पुढे जातो.

ठाण्यात कौटुंबिक न्यायालय आहे. जो भाग कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत येत नाही, तिथे हेच काम दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर, बघतं. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि तो बाई तात्पुरती राहत असेल त्या ठिकाणीही चालतो. नवी मुंबईच्या ठाणे जिल्ह्यातल्या भागासाठी ते न्यायालय सीबीडी बेलापूरला आहे.

कोणता अर्ज कशासाठी

हिंदू विवाह कायदा 1955 च्या कलम 24 खाली खटला चालू असेपर्यंतची पोटगी आणि खटल्याचा खर्च मागता येतो. हा अर्ज नवऱ्यालाही करता येतो, हे अनेकांना माहीत नसतं. अट एकच: स्वतःचा उदरनिर्वाह आणि खटला चालवण्यापुरतं स्वतंत्र उत्पन्न नसावं. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत अर्ज निकाली काढावा असं कायदाच म्हणतो. मुलांचा ताबा, भेटी, शिक्षण आणि पालनपोषण कलम 26 मध्ये येतं. मुलांच्या खर्चाच्या अर्जालाही तीच 60 दिवसांची मुदत आहे.

कलम 24 ची एक मर्यादा वकीलसुद्धा नीट समजावून सांगत नाहीत. हा आदेश मूळ याचिकेला बांधलेला असतो. याचिका नवऱ्याने केलेली असेल आणि त्याने ती मागे घेतली, तर पुढची पोटगी थांबते. तोपर्यंतची थकबाकी वसूल करता येते, पण पुढच्या महिन्याचं काय हा प्रश्न उरतोच. म्हणून ज्या बाईचं संपूर्ण घर या पैशावर चालणार आहे, तिने एकाच अर्जावर विसंबू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरा मार्ग कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा. कलम 12 खाली मूळ अर्ज आणि त्यातच कलम 23 खाली अंतरिम मागणी. या एका अर्जात संरक्षण (कलम 18), राहण्याचा हक्क (कलम 19), पैसा (कलम 20) आणि मुलांचा तात्पुरता ताबा (कलम 21) हे सगळं मागता येतं. परिस्थिती तातडीची असेल तर समोरच्याला न ऐकता एकतर्फी आदेशही मिळू शकतो. त्यासाठी नियमांसोबतच्या नमुना 3 मधलं प्रतिज्ञापत्र लागतं. ते जोडायचं राहिलं म्हणून एकतर्फी आदेश हुकल्याची उदाहरणं नेहमीची आहेत. पहिली तारीख साधारणपणे अर्ज मिळाल्यापासून 3 दिवसांत ठेवावी अशी कायद्यात तरतूद आहे. हा मार्ग फक्त बायकांसाठी आहे. विशेष म्हणजे याच कायद्याच्या कलम 26 मुळे याच मागण्या घटस्फोटाच्या खटल्यातही करता येतात, त्यामुळे दोन न्यायालयांच्या फेऱ्या टाळण्याची सोय आहे.

तिसरा मार्ग जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 चा. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालं. धर्म कोणताही असो, पत्नी, मुलं आणि आईवडील याखाली पोटगी मागू शकतात. घटस्फोटित मुस्लीम महिलेलाही हा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. विशेष विवाह कायद्याखाली म्हणजे नोंदणी पद्धतीने लग्न झालेल्यांना कलम 36 आहे, पण ते फक्त पत्नीसाठी.

तिन्हीकडे एकदम अर्ज टाकले की तिप्पट रक्कम मिळते, हा गैरसमज कृपया सोडा. 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की आधीचा अर्ज आणि आदेश उघड करायलाच हवा, आणि एका आदेशातली रक्कम दुसऱ्यात वळती होऊ शकते. लपवलं आणि उघड झालं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

प्रतिज्ञापत्र: सगळा खेळ इथे आहे

त्याच निकालाने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि दायित्वांचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. नोकरदार, धंदेवाईक, शहरी माणसासाठी परिशिष्ट 1, शेतीवर जगणाऱ्यासाठी परिशिष्ट 2. गावाकडे शेती आणि इथे नोकरी असं दोन्ही असेल तर शेतीचं उत्पन्न गाळू नका. सातबारा कुणालाही काढता येतो आणि समोरचा तो काढतोच.

खर्चाचा तक्ता हा या प्रतिज्ञापत्राचा कणा. बहुतेक लोक तिथे गोल आकडे टाकतात: किराणा 15 हजार, मुलं 20 हजार, इतर 10 हजार. असा तक्ता बघून कुणालाही वाटतं की मनाला येईल ते लिहिलं आहे. प्रत्येक आकड्यामागे बिल हवं आणि तो महिन्याच्या हिशोबात आणलेला हवा. महावितरणचं बिल महिन्याला येतं, तर ते तसंच. महानगर गॅसचं बिल दोन महिन्यांचं, म्हणून निम्मं करा. शाळेची फी तिमाहीला 24,000 असेल तर महिन्याचे 8,000. स्कूल बसचे पैसे 10 महिनेच भरत असाल तर वर्षाची बेरीज करून 12 ने भागा. आरोग्य विम्याचा हप्ता वर्षाचा असतो, तोही तसाच भागा. वह्या-पुस्तकं आणि गणवेश जूनमध्येच घेतले जातात, तेही वर्षाचे धरून महिन्यावर आणा. सगळी बिलं खर्चाच्या क्रमाने लावा आणि तक्त्यात प्रत्येक ओळीसमोर पान क्रमांक लिहा. हे काम करायला एक रविवार पुरतो आणि त्याचा फायदा युक्तिवादाच्या दिवशी दिसतो. न्यायाधीशांना कागद शोधावा लागत नाही.

भाड्याच्या बाबतीत एक सूचना. नोंदणी झालेला भाडेकरार असेल तर प्रश्नच नाही. माहेरी राहत असाल तर काल्पनिक भाडं दाखवू नका. त्याऐवजी, आईवडिलांच्या घरात तात्पुरती सोय आहे आणि वेगळं राहायचं झालं तर मुलाच्या शाळेजवळ इतकं भाडं पडेल, असं लिहा आणि त्या भागातल्या दोन-तीन जाहिरातींची प्रत जोडा.

समोरच्याचं उत्पन्न सिद्ध करणं अवघड जातं, विशेषतः धंदा रोखीचा असेल तेव्हा. नोकरदाराच्या पगारपत्रकाची प्रत नसेल तर कंपनीला कागद हजर करायला सांगावं, असा वेगळा अर्ज करता येतो. धंद्याच्या बाबतीत जीएसटी क्रमांकावरून नोंदणीची माहिती जाहीर पोर्टलवर दिसते. दुकानाचा फलक, गाडीचा नंबर, गृहकर्जाचा हप्ता, मुलांची शाळा कोणत्या दर्जाची, परदेशवाऱ्यांचे फोटो, हे सगळं राहणीमानाचा पुरावा म्हणून चालतं. महिन्याला 45,000 चा हप्ता भरणारा माणूस 30,000 पगार सांगत असेल, तर ती विसंगती एका वाक्यात मांडा. त्यावर दोन पानं लिहून संताप ओतू नका.

उलट बाजूनेही सांगायला हवं. शिकलेली बाई कमवू शकते, म्हणून पोटगी नको, हा युक्तिवाद प्रत्येक उत्तरात येतो. कमावण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. पण नोकरी असताना ती लपवणं हा वेगळाच मामला झाला. बँकेच्या उताऱ्यात दर महिन्याला येणारी रक्कम, भविष्यनिर्वाह निधीचं खातं, आयकराचं 26एएस म्हणजे कापलेल्या कराचं विवरण, यातून ते बाहेर येतंच. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल स्वतंत्र कारवाईची मागणी होऊ शकते. घरी शिकवण्या घेऊन 6,000 मिळत असतील तर 6,000 लिहा. त्याने पोटगी नाकारली जात नाही, रकमेत थोडा फरक पडतो एवढंच.

या प्रतिज्ञापत्रासाठी महागडा स्टँप पेपर घ्यायला लावणारे लोक न्यायालयाबाहेर भेटतील. महाराष्ट्रात न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 पासून माफ आहे. साध्या कागदावर चालतं. पोटगी, घटस्फोट, हिंसाचार अशा प्रकरणांत महिलांना कोर्ट फीही 1994 च्या अधिसूचनेने माफ आहे. अर्जात तसा एका ओळीचा उल्लेख करायला विसरू नका.

नोटीस: साठ दिवस इथून मोजतात

या सेवेला आम्ही सगळ्यांत कमी गुण इथे देतो. अर्ज दाखल झाला म्हणून घड्याळ सुरू होत नाही, ते नोटीस बजावल्यावर सुरू होतं. आणि बजावणीचा अहवाल ‘पत्ता अपूर्ण’, ‘घर बंद’ किंवा ‘सदर इसम येथे राहत नाही’ असा परत आला की पुढची तारीख, पुन्हा बेलिफाचा (नोटीस बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याचा) भत्ता, पुन्हा वाट.

सिडकोच्या वसाहतींत पत्ता म्हणजे सेक्टर, प्लॉट क्रमांक, सोसायटीचं नाव, विंग, मजला आणि फ्लॅट. यातला प्लॉट क्रमांक गाळला की त्याच सेक्टरमध्ये त्याच नावाची दुसरी सोसायटी सापडते. घणसोली, कोपरखैरण्याच्या गावठाणात घर क्रमांकापेक्षा ठळक खूण उपयोगी पडते: कोणत्या देवळामागे, कोणत्या चाळीच्या मालकाच्या नावाने. घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत फाटकावरच बेलिफला अडवतात, तेव्हा टॉवरचं नाव आणि कोणत्या फाटकातून आत जायचं हेही लिहा. घराच्या पत्त्याबरोबर कामाच्या जागेचा पत्ता नेहमी द्या. महापे-रबाळेच्या एमआयडीसीत पाळी असेल तर कोणत्या वेळी माणूस सापडेल तेही सांगा.

बेलिफबरोबरच स्पीड पोस्टाने नोटीस पाठवण्याची आणि ईमेल, व्हॉट्सअॅपवर बजावण्याची परवानगी पहिल्याच तारखेला मागा. परवानगीशिवाय स्वतः पाठवलेल्या मेसेजला बजावणी म्हणत नाहीत. परवानगी मिळाली तर पाठवलेल्या कागदाचा, दोन निळ्या खुणांचा आणि क्रमांकाचा स्क्रीनशॉट प्रतिज्ञापत्रासह जोडा. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं, तर न्यायालय ती बजावणी झाल्याचं धरू शकतं. माणूस मुद्दाम टाळतो आहे हे दिसलं की दरवाजावर डकवून किंवा वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन बजावणीचा अर्ज करता येतो. त्यासाठी तीन-चार अपयशी अहवालांची वाट बघत बसू नका. दुसरा अहवाल उलटा आला की अर्ज टाका.

बजावणी झाल्यावर समोरचा हजर होऊन ‘से’साठी म्हणजे लेखी उत्तरासाठी वेळ मागतो. उत्तर आणि त्याचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र जास्तीत जास्त 4 आठवड्यांत यायला हवं आणि त्यासाठी दोनपेक्षा अधिक तहकुबी सहसा देऊ नयेत, असं रजनेश निकालात आहे. त्यापुढेही तो टाळत राहिला तर त्याचा बचाव रद्द करण्याचा अर्ज देता येतो. हा अर्ज एक पानाचा असतो. तो दाखल झाला की पुढच्या तारखेला प्रतिज्ञापत्र येण्याची शक्यता बरीच वाढते. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय झालं ते लिहिलं जातं, त्यामुळे तहकुबी कुणी मागितली याची नोंद नीट होते आहे ना, हे पाहा. प्रत्येक खटल्याला मिळणारा 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक टिपून ठेवा. ई-कोर्ट्सच्या अॅपवर पुढची तारीख आणि टप्पा त्यावरून दिसतो.

रक्कम कशी ठरते

निव्वळ पगाराच्या 25 टक्के हा नियम आहे, असं सर्रास सांगितलं जातं. तो नियम नाही. 2017 च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला 25 टक्के योग्य वाटले, आणि तेव्हापासून तो आकडा तोंडी फिरतो आहे. प्रत्यक्षात दोघांचं उत्पन्न, मुलांची संख्या आणि वय, आजारपण, म्हातारे आईवडील, लग्नात असतानाचं राहणीमान हे सगळं बघितलं जातं. आयकर, भविष्यनिर्वाह निधी अशा सक्तीच्या कपाती वजा होतात. स्वतःहून वाढवलेली गुंतवणूक किंवा खटल्यानंतर घेतलेलं नवं कर्ज सहजासहजी वजा होत नाही.

पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असंही 2020 च्या निकालात ठरलं आहे. त्यामुळे अर्ज उशिरा टाकला तर ते महिने गेले. मूळ याचिकेबरोबरच, त्याच दिवशी, अंतरिम अर्ज दाखल करावा हा आमचा आग्रह यासाठीच आहे. समुपदेशकांकडे बोलणी चालू आहेत, मध्यस्थी होते आहे, म्हणून थांबू नका. अर्ज प्रलंबित ठेवूनही समेट करता येतो. जमलंच तर पुरसीस म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन देऊन तो मागे घेता येतो.

मुलं

पैशाचा आदेश मोघम असला तरी निदान आकडा असतो. मुलांच्या भेटीचा आदेश मोघम असला तर दर आठवड्याला नवं भांडण. ‘दोघांच्या सोयीने’ हे दोन शब्द आदेशात येऊ देऊ नका. वार, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मूल कुठे सोपवायचं, कोण आणेल, उशीर झाला तर किती मिनिटं थांबायचं, हे लेखी मागा. सोपवण्याची जागा दोन्ही घरांपासून वेगळी आणि माणसांची वर्दळ असलेली हवी: तलावपाळी, वाशीतला एखादा मॉल, किंवा न्यायालयातली मुलांची खोली. सोसायटीच्या फाटकावर नको. तिथे शेजारीपाजारी जमतात आणि मूल लाजेने अर्धमेलं होतं.

सणांचं वेगळं लिहून घ्या. गणपतीत अनेक घरं कोकणात जातात आणि नेमकी तेव्हाच शनिवारची भेट ठरलेली असते. पहिल्या वर्षी आईकडे, दुसऱ्या वर्षी वडिलांकडे, असा क्रम आदेशातच असू द्या. दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी, मे महिन्याच्या सुट्टीतले सलग किती दिवस, आणि परीक्षेच्या आठवड्यात भेट असेल की नाही, तेही. व्हिडिओ कॉल कोणत्या वारी आणि किती वाजता, तेही घाला. दुसऱ्या देशात नोकरी असलेला पालक असेल तर मुलाचा पासपोर्ट न्यायालयात जमा ठेवण्याची मागणी पहिल्या अर्जातच करा.

पोटगी दिली नाही म्हणून भेट अडवणं, किंवा भेट दिली नाही म्हणून पोटगी थांबवणं, दोन्ही चूक. दोन आदेश स्वतंत्र आहेत आणि मुलाला वसुलीचं साधन करणारा पालक न्यायालयाच्या नजरेतून उतरतो.

घर

घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सुनेला काहीच हक्क नाही, हे आता खरं नाही. सतीश आहुजा प्रकरणात 15 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की सामायिक घर नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. एकाच छपराखाली राहणं धोक्याचं असेल तर हिंसाचार कायद्याच्या कलम 19 खाली तशाच दर्जाचं दुसरं घर किंवा त्याचं भाडं मागता येतं. आमच्या मते मारहाण झालेल्या घरात परत जाण्याच्या आदेशापेक्षा भाड्याचा आदेश अनेकदा जास्त कामाचा ठरतो.

फ्लॅट विकला जाईल अशी भीती असेल तर विक्री, गहाण किंवा ताबा देण्याला मनाई मागा. आदेशाची प्रमाणित नक्कल मिळाली की ती सोसायटीच्या सचिवांना आणि कर्ज देणाऱ्या बँकेला पोच घेऊन द्या. हस्तांतरणाला सिडकोची परवानगी लागणाऱ्या इमारतीत तिची एक प्रत सिडकोलाही द्या. आदेश फायलीतच पडून राहिला तर खरेदीदाराला तो कळणार कसा?

आदेश मिळाल्यावर

रकमेबरोबर तारीख आणि खातं आदेशात असावं: दर महिन्याच्या 10 तारखेपर्यंत अमुक बँक खात्यात. रोख घेतली की दिली-घेतली नाही असा वाद लागतो. पैसे थांबले तर वसुलीची दरखास्त म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज करा आणि ती लांबवू नका. कलम 144 च्या आदेशात रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर त्या महिन्यासाठी वॉरंट निघत नाही. थकवणाऱ्याला एकेका महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. हिंसाचार कायद्याच्या कलम 20 मध्ये नोकरी देणाऱ्याने पगारातूनच रक्कम थेट बाईला द्यावी असा आदेश मागता येतो. कायम नोकरी असेल तर हा सर्वोत्तम मार्ग. दिवाणी दरखास्तीत पगार जप्त होतो तेव्हा पोटगीसाठी पगाराचा एक-तृतीयांश भागच सुरक्षित राहतो, बाकीच्यावर हात घालता येतो. आणि थकवणारा स्वतः याचिकाकर्ता असेल, तर थकबाकी भरेपर्यंत त्याची याचिका थांबवावी असा अर्ज द्या. घटस्फोटाची घाई त्यालाच असेल तर याने वसुली लवकर होते.

संरक्षणाचा आदेश मोडणं हा गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या आदेशाची नक्कल पोलीस ठाण्यात आधीच देऊन ठेवा, म्हणजे 112 ला फोन केल्यावर येणाऱ्या पोलिसांना पहिल्यापासून समजवावं लागत नाही.

नोकरी गेली, पगार वाढला, मूल कॉलेजात गेलं, तर आदेश बदलून मागता येतो. परस्पर रक्कम कमी करून पाठवणं म्हणजे थकबाकी. कौटुंबिक न्यायालयाच्या अंतरिम आदेशावर अपील होत नाही, त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. दंडाधिकाऱ्यांच्या हिंसाचार कायद्याखालच्या आदेशावर सत्र न्यायालयात 30 दिवसांत अपील आहे. वरच्या न्यायालयात गेलं म्हणून खालचा आदेश आपोआप थांबत नाही. स्थगिती मिळेपर्यंत पैसे भरावेच लागतात.

मोफत वकील

या सगळ्यात आम्ही सर्वाधिक गुण विधी सेवा प्राधिकरणाच्या योजनेला देऊ. 1987 च्या कायद्याने महिलांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींनाही. इतर पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाखांची मर्यादा आहे. ठाण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयात आहे, आणि 15100 या क्रमांकावर देशभर कुठूनही फोन करता येतो. महिलांसाठी 181 ही मदतवाहिनी आहे. हिंसाचाराच्या प्रकरणात संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल आणि अर्ज तयार करायला मोफत मदत करतात.

पॅनलवरच्या वकिलाकडे कामाचा ढीग असतो. त्यांना पहिल्या भेटीतच लग्नपत्रिका किंवा विवाह नोंदणीचा दाखला, दोघांची आधार प्रत, मुलांचे जन्मदाखले, खर्चाचा वर सांगितलेला तक्ता पान क्रमांकांसह, बँकेचे उतारे आणि समोरच्याचे दोन पूर्ण पत्ते असा संच द्या. वकिलांचा वेळ कागद गोळा करण्यात जाणार नाही आणि अर्ज त्याच आठवड्यात दाखल होऊ शकेल. नेमलेला वकील तारखांना येत नसेल तर प्राधिकरणाला लेखी कळवून बदलून मागता येतो. तसं केल्याने प्रकरणावर वाईट परिणाम होत नाही, आणि त्यासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याची तक्रारही तिथेच करता येते.